आनुवंशिक दृष्टिनाशाच्या अभ्यासासाठी झेब्रा मासा कसा वापरावा

रातांधळेपणाची तक्रार घेऊन पुण्यातल्या एखाद्या नेत्ररुग्णालयात आलेल्या तरुणाची जनुकीय तपासणी होते आणि अहवालात एका बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. तो बदल आजाराचे कारण आहे की केवळ योगायोगाने सापडला, हे कळल्याशिवाय डॉक्टरांना ठामपणे काही सांगता येत नाही, आणि धाकट्या बहिणीची तपासणी करावी का, तिच्या लग्नाच्या वेळी काय विचारात घ्यावे, हे घरच्यांचे प्रश्न तसेच लोंबकळत राहतात. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारांशी जोडलेली अडीचशेहून अधिक जनुके आज माहीत आहेत. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत जिथे आहे, तिथे आईवडील दोघांकडून एकच सदोष प्रत मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून हा प्रश्न आपल्या भागात दूरचा नाही.

अशा बदलाची प्रत्यक्ष परीक्षा घेण्याचे एक चांगले साधन म्हणजे झेब्रा मासा. जैवतंत्रज्ञानाचे किंवा प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, पण माशांवर अद्याप काम न केलेल्या संशोधकांसाठी आणि त्यांच्या जोडीने काम करू इच्छिणाऱ्या नेत्रतज्ज्ञांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. यात सर्वाधिक भर एका गोष्टीवर आहे: पिल्लाला दिसत नाही हे, आणि पिल्लाची प्रकृतीच बरी नाही हे, एकमेकांपासून वेगळे करून दाखवणे. जनुक बिघडवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. निष्कर्ष चुकतात ते बहुतेक वेळा या फरकाकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळे.

आधी जनुक, मग मासा

झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना १८२२ मध्ये त्याची नोंद केली. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत आणले आणि १९८१ मध्ये त्यांचा पायाभूत शोधनिबंध प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच जाहीर झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे निदान एक तरी समरूप जनुक त्याच्यात असल्याचे दिसले. आजारांशी जोडलेल्या जनुकांपुरते पाहिले तर हे प्रमाण सुमारे ८२ टक्के आहे. दृष्टीच्या अभ्यासासाठी मात्र त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. उंदीर हा निशाचर प्राणी असून त्याच्या प्रकाशसंवेदी पेशींपैकी जेमतेम तीन टक्के शंक्वाकार असतात, तर झेब्रा मासा दिवसा वावरतो आणि त्याच्या दृष्टिपटलात चार प्रकारच्या शंक्वाकार पेशी विपुल असतात. माणूस वाचतो, चेहरे ओळखतो आणि रंग पाहतो तो शंक्वाकार पेशींच्याच आधाराने.

काम सुरू करण्याआधी आपल्या जनुकाबद्दल काही प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. पहिला प्रश्न असा, की हे जनुक माशात आहे का, आणि असल्यास किती प्रतींत आहे. अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वी संपूर्ण जनुकसंचाचीच दुप्पट झाली आणि त्यातील अनेक जोड्या आजही टिकून आहेत. स्टारगार्ट या पीतबिंदूच्या आनुवंशिक आजाराशी संबंधित ‘एबीसीए४’ या मानवी जनुकाच्या जागी माशात ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन जनुके आहेत, ‘आरपीजीआर’ या दृष्टिपटलाच्या आजाराच्या दुसऱ्या जनुकाचेही तसेच. एक बिघडवले आणि दुसऱ्याने काम सांभाळले, तर मासा ठणठणीत दिसेल आणि त्यावरून मानवी जनुक निरुपद्रवी ठरवणे हा अन्याय होईल. याउलट ‘ईवायएस’ हे जनुक पाहा. त्यातील दोषामुळे माणसात रेटिनायटिस पिगमेंटोसा (रातांधळेपणाने सुरू होणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास) होतो, पण उंदरात ते जनुकच नाही. झेब्रा माशात आहे. अशा आजारासाठी मासा हा दुय्यम पर्याय उरत नाही, तोच योग्य प्राणी ठरतो.

दुसरा प्रश्न रुग्णातील नेमक्या बदलाचा. प्रथिनातील जे अमिनो आम्ल बदलले आहे ते माशाच्या प्रथिनातही त्याच जागी आहे का, हे दोन्ही क्रम समोरासमोर ठेवून पाहावे. झेडफिन या खुल्या माहितीकोशात प्रत्येक जनुक कुठल्या पेशीत आणि कुठल्या दिवसापासून कार्यरत होते, त्याचे उत्परिवर्तित वाण कुणाकडे आहेत, हे मिळते. नवीन वाण तयार करण्याआधी हा शोध घेतला, तर कित्येक महिन्यांचे श्रम वाचू शकतात. तिसरा प्रश्न आजाराच्या रीतीचा: अप्रभावी आजारात (दोन्ही प्रती सदोष असल्यावरच होणाऱ्या) जनुक निकामी करून पाहणे पुरते, पण प्रभावी आजारात (एकाच सदोष प्रतीने होणाऱ्या) बिघडलेले प्रथिनच अपाय करत असेल, तर ते प्रथिन माशाच्या दंडाकार (मंद प्रकाशात पाहण्याच्या) किंवा शंक्वाकार पेशीत निर्माण करून पाहावे लागते.

एक मर्यादाही सुरुवातीलाच मान्य करावी. माणसाच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला पीतबिंदू माशात नाही. त्यामुळे केवळ पीतबिंदूपुरत्या आजाराची रचना माशात जशीच्या तशी उमटेल अशी अपेक्षा धरू नये. पेशीच्या आत काय बिघडते, एवढाच प्रश्न तिथे विचारावा.

परवानग्या

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माशांनाही लागू आहे. संस्थेची प्राणी आचारसमिती प्रकल्पाला मान्यता देते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय समितीने माशांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. त्या आधी वाचाव्यात. जनुकीय फेरबदल केलेल्या माशांसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचीही मंजुरी लागते. रुग्णाच्या जनुकीय माहितीवर काम करायचे असेल, तर रुग्णालयाच्या आचारसमितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती हवी, आणि प्रयोगशाळेत येणाऱ्या कागदावर त्याचे नाव-गाव असता कामा नये. फेरबदल केलेला एकही मासा किंवा अंडे मुठेत, पाषाणच्या तलावात किंवा गटारात जाणार नाही याची व्यवस्था पहिल्याच दिवशी असावी. सांडपाणी निर्जंतुक करूनच सोडावे.

पाणी, उष्णता आणि प्रकाश

मासे ठेवण्याची व्यवस्था नव्याने उभारण्याआधी शहरातील चालू व्यवस्था पाहून यावी. आघारकर संशोधन संस्थेत या माशाच्या हृदयावर आणि पाषाणच्या आयसरमध्ये त्याच्या मज्जासंस्थेवर काम झालेले आहे. पाणी कसे फिरते, गाळण्या कशा बदलतात, आजारी मासे वेगळे कुठे ठेवतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जे समजते ते वाचून समजत नाही.

महापालिकेचे पाणी खडकवासला साखळीतील धरणांमधून येते आणि त्यात क्लोरीन असते. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक आहे, म्हणून नळाचे पाणी थेट टाकीत कधीही सोडू नये. खात्रीचा मार्ग म्हणजे आरओचे पाणी घेऊन त्यात समुद्री क्षार आणि खाण्याचा सोडा मोजून मिसळणे. सामू ७ ते ७.५ आणि विद्युतवाहकता सुमारे ५०० मायक्रोसीमेन्स ठेवली की पावसाळ्यातले गढूळ पाणी असो वा उन्हाळ्यातला टँकर, माशांना फरक जाणवत नाही. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी कमी दाबाने, ही पुणेकरांच्या ओळखीची सूचना लक्षात घेऊन तयार पाण्याचा निदान दोन दिवसांचा साठा वेगळ्या पिंपात भरलेला असावा.

पाण्याचे तापमान २८.५ अंश सेल्सिअस ठेवावे. भ्रूणवाढीच्या सर्व प्रमाणित टप्प्यांचे तास याच तापमानाला धरलेले आहेत. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो, त्यामुळे हीटर आणि वातानुकूलन दोन्ही लागतात, आणि दोन्हींना इन्व्हर्टरची जोड हवी. थंड पाण्यात वाढलेले पाच दिवसांचे पिल्लू वाढीने चारच दिवसांचे असू शकते. अशा पिल्लाची नजर कमी भरली, तर तो दोष जनुकाच्या माथी मारला जाईल.

दिवे १४ तास चालू आणि १० तास बंद ठेवावेत, आणि हे टायमरवर सोपवावे. संध्याकाळी नर आणि मादी एका छोट्या टाकीत मध्ये पडदा घालून ठेवाव्यात. सकाळी दिवे लागल्यावर पडदा काढला की बहुधा अर्ध्या तासात मादी अंडी घालते. तळाशी जाळी असावी, नाही तर मासे स्वतःचीच अंडी खातात. एका वेळी शंभर-दोनशे अंडी मिळतात. ती गाळून पेट्री डिशमध्ये, एका डिशमध्ये पन्नास-साठपेक्षा अधिक नाही अशा बेताने, ‘ई३’ द्रावणात ठेवावीत. या द्रावणात सोडियम क्लोराइड ५, पोटॅशियम क्लोराइड ०.१७, कॅल्शियम क्लोराइड ०.३३ आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.३३ मिलिमोलर असते. बुरशी येऊ नये म्हणून मेथिलीन ब्ल्यूचा थेंब घालतात. पांढरी पडलेली मेलेली अंडी रोज उचलून टाकावीत.

पहिले पाच दिवस पिल्लू बलकावर जगते आणि त्याला बाहेरून अन्न लागत नाही. याच अवधीत डोळा तयार होतो: २४ तासांत डोळ्याचा कप दिसतो, दोन ते तीन दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर येते, आणि पाचव्या दिवशी ते हलणाऱ्या वस्तूचा नजरेने पाठलाग करू शकते. सगळे शरीर पारदर्शक असल्याने हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. शरीरावरचे काळे रंगद्रव्य चित्रीकरणात आड येते म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा फिनाइलथायोयुरिया हे रसायन वापरतात, पण त्याने डोळ्याचा आकार लहान होतो. दृष्टीच्या प्रयोगातील पिल्लांना ते देऊ नये. त्याऐवजी ‘नेकर’ हे वाण वापरता येते, ज्यात अंगावरच्या काळ्या पेशी नसतात, पण दृष्टिपटलामागचा रंगद्रव्याचा थर शाबूत असतो.

जनुक बिघडवणे

क्रिस्पर पद्धतीने झेब्रा माशात जनुक बदलता येते हे २०१३ मध्ये सिद्ध झाले आणि आज हीच पद्धत धरावी. जनुकातील नेमकी जागा दाखवणारा गाइड आरएनए आणि तिथे काप घेणारे कॅस९ प्रथिन यांचे मिश्रण, फिनॉल रेडच्या थेंबासह, भ्रूण एकाच पेशीचा असताना काचेच्या अतिसूक्ष्म सुईने टोचतात. एका भ्रूणात सुमारे एक नॅनोलिटर जाते. अंडी मिळाल्यापासून हाती जेमतेम पाऊण तास असतो, म्हणून सुया, साचा आणि मिश्रण दिवे लागण्याआधीच तयार असावे. हात बसेपर्यंत ‘टायरोसिनेज’ या जनुकावर सराव करावा: ते निकामी झाले की पिल्ले दोन दिवसांत पांढरट दिसतात आणि टोचणी कितपत साधली ते लगेच कळते. मात्र या पांढऱ्या पिल्लांवर दृष्टीची चाचणी करू नये, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागचे रंगद्रव्यही गेलेले असते.

टोचलेल्या पिढीत काही पेशी बदललेल्या आणि काही न बदललेल्या अशी सरमिसळ असते. एकाच जनुकावर तीन-चार गाइड एकत्र वापरल्यास बहुतेक पेशींत जनुक निकामी होते आणि पाचव्याच दिवशी प्राथमिक अंदाज मिळतो. त्यावर थांबू नये. टोचलेले मासे तीन महिने वाढवून निरोगी माशांशी त्यांचा संकर करावा, पुढच्या पिढीत शेपटीच्या पराचा कण घेऊन पीसीआर आणि क्रमवाचनाने एकच सदोष प्रत असलेले मासे निवडावेत, आणि त्यांच्या आपसातील संकरातून दोन्ही प्रती सदोष असलेली पिल्ले मिळवावीत. मेंडेलच्या नियमाने ती चारात एक असतात. यात आठ-नऊ महिने सहज जातात आणि प्रकल्पाचा कालावधी मागताना हे स्पष्ट लिहावे.

पूर्वी यासाठी मॉर्फोलिनो वापरत, म्हणजे जनुकाला हात न लावता त्याचा संदेश काही दिवस अडवणारा रेणू. जुन्या निबंधांत ‘लहान डोळे, वाकलेली शेपटी’ असे वर्णन वारंवार येते. २०१५ मध्ये अनेक जनुकांची तुलना झाली तेव्हा मॉर्फोलिनोने दिसलेले बरेचसे परिणाम खऱ्या उत्परिवर्तित माशांत दिसलेच नाहीत. यातील एक भाग मॉर्फोलिनोच्या विषारीपणाचा होता. दुसरा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे: सदोष संदेशरेणूचा पेशीत नाश होत असताना त्याच्याशी साधर्म्य असलेल्या इतर जनुकांचे काम वाढू शकते, हे २०१९ मध्ये दोन गटांनी दाखवले. म्हणून निकामी जनुकाचा मासा निरोगी दिसला, तर लगेच नकारार्थी निष्कर्ष लिहू नये. संदेशच तयार होणार नाही अशा रीतीने जनुकाचा सुरुवातीचा भाग पूर्ण काढून दुसरे वाण करून पाहावे.

दिसते की नाही, हे कसे ठरवावे

या टप्प्यावर सर्वांत अधिक वेळ द्यावा. एकाच जोडीपासून झालेली भावंडे घ्यावीत, म्हणजे निरोगी आणि सदोष पिल्ले एकाच पाण्यात, एकाच तापमानात वाढलेली असतात. चाचणी आधी आणि जनुकतपासणी नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नये. कोणते पिल्लू सदोष आहे हे चाचणी घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर काठावरच्या निरीक्षणात त्याचे मन नकळत एका बाजूला झुकते.

सुरुवात अंगाच्या रंगापासून करावी. पाचव्या दिवशी सगळी पिल्ले पांढऱ्या तळाच्या डिशमध्ये, चांगल्या उजेडात, अर्धा तास ठेवावीत आणि वरून भिंगाने पाहावे. दिसणाऱ्या पिल्लांच्या डोक्यावरचे व पाठीवरचे काळे ठिपके आकसून टिंबाएवढे होतात आणि पिल्लू फिकट दिसते. ज्याला तळाचा उजेड जाणवत नाही त्याच्या त्याच पेशींतले रंगद्रव्य पसरलेले राहते, ठिपके एकमेकांना भिडतात आणि पिल्लू काळसर दिसते. डिशमधली चारात एक पिल्ले अशी काळी असतील, तर ती खूण लक्ष देण्याजोगी आहे. परंतु अशक्त पिल्लूही काळवंडते आणि काही अंध वाणांतली पिल्ले उजेडात फिकटही होतात, म्हणून हा पुरावा नव्हे, केवळ पहिली चाळणी समजावी. ‘नेकर’ वाणात ही चाचणी होऊच शकत नाही, हे उघड आहे.

मग प्रकृतीची तपासणी. हवेची पिशवी फुगलेली आहे का, हृदयाभोवती सूज आहे का, शरीर सरळ आहे का, डोळ्याचा व्यास शरीराच्या लांबीच्या मानाने भावंडांइतका आहे का, हे प्रत्येक पिल्लासाठी नोंदवावे. शेपटीला बारीक केसाने हलकेच स्पर्श केला तर पिल्लू झटकन निसटले पाहिजे; डिशच्या कडेला टिचकी मारली तर दचकले पाहिजे. जे स्पर्शालाही प्रतिसाद देत नाही, त्याच्या दृष्टीबद्दल हालचालीच्या चाचणीतून काहीही सांगता येणार नाही. अशर सिंड्रोमच्या (बहिरेपणा आणि दृष्टिनाश एकत्र आणणाऱ्या आजाराच्या) ‘एमवायओ७ए’सारख्या जनुकांत विशेष सावध राहावे: त्यात कानाच्या पेशीही बिघडतात, पिल्लाचा तोल जातो, ते गोल गोल फिरते, आणि टिचकीला न दचकणे हे त्याच्या बहिरेपणाचे लक्षण असते.

मुख्य चाचणी डोळ्यांच्या पाठलागाची. डेक्कन क्वीनच्या खिडकीतून मागे पळणारे खांब पाहताना आपले डोळे एका खांबाबरोबर हळूहळू सरकतात आणि मग झटक्याने परत पुढे येतात. पिल्लाचे डोळे अगदी तेच करतात. तीन ते पाच टक्के मेथिलसेल्युलोजच्या घट्ट द्रावणात पिल्लू पाठ वर करून अलगद बसवावे. त्यात शरीर स्थिर राहते, पण डोळे मोकळे फिरतात. भोवती काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे पिंप मंद गतीने अर्धा मिनिट एका दिशेने आणि अर्धा मिनिट उलट दिशेने फिरवावे व वरून चित्रीकरण करावे. मिनिटाला किती झटके आले आणि डोळ्याचा वेग पट्ट्यांच्या वेगाशी कितपत जुळला, हे मोजावे. पट्ट्या अरुंद करत गेल्यास नजरेची तीक्ष्णता आणि करड्या करत गेल्यास छटांतील फरक ओळखण्याची शक्ती मापता येते. पिंप छोट्या मोटरवर घरच्या घरी जमवता येते. महागडे यंत्र नाही म्हणून हे काम अडू नये. दिवे लागल्यानंतरच्या ठरावीक तासांतच चाचणी घ्यावी, कारण शंक्वाकार पेशींची क्षमता दिवस-रात्रीच्या चक्रानुसार कमी-जास्त होते.

या चाचणीचे मोल १९९५ मध्ये दिसून आले. जॉन डाउलिंग यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या कामात पिल्लांचे डोळे पट्ट्यांचा पाठलाग करतात की नाही, एवढ्यावरून दृष्टिदोषाची उत्परिवर्तने वेचून काढली गेली. अशाच चाळणीतून ‘नोफ’ हे वाण मिळाले. त्याच्या शंक्वाकार पेशी सूक्ष्मदर्शकाखाली व्यवस्थित दिसतात, पण ‘जीएनएटी२’ या जनुकातील दोषामुळे प्रकाशाचा संदेश पुढे जात नाही. माणसात याच जनुकाच्या दोषाने जन्मजात संपूर्ण रंगांधत्व येते. नवशिक्यांनी आपली मांडणी नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी ‘जीएनएटी२’ निकामी केलेली पिल्ले जरूर वापरावीत; त्यांतही पाठलाग तितकाच दिसत राहिला, तर दोष मांडणीत किंवा टोचणीत शोधावा.

बहुखणी तबकडीत एकेक पिल्लू ठेवून, दिवा अचानक लावून आणि विझवून हालचाल मोजणारी यंत्रे आता सर्रास मिळतात. एका वेळी ९६ पिल्ले तपासली जातात, म्हणून औषधे चाळायला ती सोयीची आहेत. मात्र झेब्रा माशाच्या मेंदूतही प्रकाश जाणणाऱ्या पेशी असतात आणि डोळे काढलेली पिल्लेही अंधार झाल्यावर हालचाल वाढवतात, हे २०१२ मध्ये दाखवले गेले आहे. तेव्हा दिवा विझल्यावर पिल्लू हलले म्हणजे त्याला डोळ्यांनी दिसते, असे समजू नये. या यंत्रातील निकाल डोळ्यांच्या पाठलागाशी ताडून मगच स्वीकारावा. दृष्टिपटलाचा विद्युत आलेख, म्हणजे प्रकाश पडल्यावर दृष्टिपटलात उठणाऱ्या विद्युत संदेशाची नोंद, हा सर्वांत थेट पुरावा आहे, पण त्याला स्वतंत्र कौशल्य लागते. तो ज्यांना येतो त्यांच्याशी सहकार्य करावे.

आता सर्वांत मोठी खबरदारी. पाचव्या दिवशी पिल्लाला जे दिसते ते मुख्यत्वे शंक्वाकार पेशींमुळे. दंडाकार पेशी तोवर निर्माण झालेल्या असल्या, तरी दृष्टीत त्यांचा मोजता येण्याजोगा वाटा साधारण दोन आठवड्यांनंतर येतो. रेटिनायटिस पिगमेंटोसात माणसाच्या दंडाकार पेशी आधी जातात आणि म्हणूनच पहिले लक्षण रातांधळेपणाचे असते. अशा आजाराचे जनुक बिघडवून पाचव्या दिवशी पाठलाग उत्तम आढळला, तर त्यातून जनुक निर्दोष ठरत नाही. मासे महिनोन्महिने वाढवावे लागतात, मंद प्रकाशात तपासावे लागतात. ‘ईवायएस’ निकामी केलेल्या माशांत ऱ्हास काही महिन्यांत उलगडतो, आणि त्यात शंक्वाकार पेशीही लवकर बाधित होतात. म्हणजे जनुक तेच, पण पेशी बिघडण्याचा क्रम माणसापेक्षा वेगळा. हा फरक निबंधात लपवू नये, ठळकपणे मांडावा.

दृष्टिपटलाचे काप

चाचणी झालेल्या पिल्लांना ट्रायकेनच्या द्रावणात भूल द्यावी. भुलीसाठी लिटरला १६८ मिलिग्रॅम आणि सामू सातवर आणलेला, हे प्रमाण रूढ आहे. जीव संपवायचा असेल, तर अधिक मात्रेत पुरेसा वेळ ठेवावे आणि हृदय थांबल्याची खात्री करावी. शेपटीचा तुकडा जनुकतपासणीसाठी ठेवून डोके चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर स्थिर करावे आणि गोठवून दहा-बारा मायक्रॉनचे काप घ्यावेत.

काप कुठून घेतला याला फार महत्त्व आहे. माशाचे दृष्टिपटल आयुष्यभर कडेने वाढत राहते, त्यामुळे कडेला नेहमी नव्या पेशी असतात आणि मध्यभागी जुन्या. हळूहळू होणारा ऱ्हास मध्यभागी स्पष्ट दिसेल, तर कडेचा भाग निरोगी वाटेल. म्हणून ज्या कापात दृष्टिमज्जा बाहेर पडताना दिसते, त्याच पातळीवरचे काप सर्व माशांत निवडावेत आणि मज्जेपासून ठरावीक अंतरावर पेशी मोजाव्यात. ‘झेडपीआर-१’ हे प्रतिपिंड लाल-हिरव्या जोड शंक्वाकार पेशी आणि ‘झेडपीआर-३’ दंडाकार पेशी दाखवते. मरणाऱ्या पेशींसाठी ट्यूनेल चाचणी करावी. पेशींची संख्या शाबूत असतानाही त्यांचे बाह्यखंड (प्रकाश टिपणारे टोकाचे भाग) आखूड झालेले असू शकतात, म्हणून बाह्यखंडांची लांबीही मोजावी.

माशाचे दृष्टिपटल स्वतःला दुरुस्तही करते. तीव्र इजा झाल्यावर म्युलर ग्लिया या आधारपेशी विभाजित होऊन नव्या प्रकाशसंवेदी पेशी तयार करतात, जे माणसात होत नाही. दंडाकार पेशींची तर निरोगी माशातही सतत भर पडत असते. प्रौढ माशात पेशींची संख्या ठीक आढळली, तरी पेशी मरत आहेत आणि त्यांच्या जागी नव्या येत आहेत, ही शक्यता उरते. विभाजित होणाऱ्या पेशी वेगळ्या रंगवून ती तपासावी.

रुग्णाच्या बदलाची परीक्षा

निकामी जनुकाच्या माशाला दिसत नाही हे सिद्ध झाल्यावरच रुग्णातील नेमक्या बदलाकडे वळता येते. सदोष पिल्लात मानवी जनुकाची निरोगी प्रत घालून दृष्टी परत येते का, हे आधी पाहावे. ती आली, तर बदल असलेली प्रत घालून तेच पाहावे. निरोगी प्रतीने दृष्टी सुधारली आणि बदललेल्या प्रतीने नाही, तर तो बदल प्रथिनाचे काम बिघडवतो, असे म्हणण्याला आधार मिळतो. दोन्ही प्रतींचे प्रथिन सारख्या प्रमाणात तयार झाले होते, हेही दाखवावे लागते.

पहिल्या पेशीत टोचलेला संदेश आरएनए काही दिवसांत संपतो. ज्या प्रथिनाची गरज तिसऱ्या दिवसानंतर प्रकाशसंवेदी पेशींत लागते, त्याच्यासाठी ही पद्धत तोकडी पडते आणि नकारार्थी निकाल दिशाभूल करतो. अशा वेळी टीओएल२ या, मेडाका माशात सापडलेल्या, जनुकवाहकाच्या साहाय्याने ती प्रत फक्त प्रकाशसंवेदी पेशींतच कार्यरत होईल अशी जोडावी. क्रिस्परने माशाच्या जनुकात रुग्णाचाच बदल नेमका घडवणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, पण त्याचे यश अजूनही कमी येते.

औषध तपासताना ते पाण्यात मिसळता येते, ही माशाची मोठी सोय आहे. विद्रावक म्हणून डीएमएसओ वापरल्यास तेवढाच डीएमएसओ तुलनेच्या गटालाही द्यावा, आणि औषधाने पिल्ले सुस्त होत नाहीत ना, हे स्पर्शचाचणीने आधी पाहावे. अशर सिंड्रोमशी संबंधित ‘यूएसएच२ए’ या जनुकातील तेरावा एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेला तुकडा) वगळण्याची उपचारपद्धती माणसावरील चाचण्यांपर्यंत पोहोचली, तिच्या पायाशी झेब्रा माशावरील प्रयोग होते. याच जनुकाच्या दोषाने रुग्णांना दृष्टी गमवावी लागते, पण उंदरात दृष्टिपटलाचा ऱ्हास फारसा दिसत नाही.

निष्कर्ष डॉक्टरांकडे पाठवताना ‘बदल घातक आहे’ एवढेच लिहू नये. जनुकीय बदलांचा अर्थ लावण्याच्या २०१५ च्या अमेरिकन निकषांनुसार प्रयोगातून मिळालेला कार्यात्मक पुरावा हा अनेक पुराव्यांपैकी एक धरला जातो. तो कुटुंबातील इतरांची तपासणी आणि लोकसंख्येतील त्या बदलाचे प्रमाण यांच्याबरोबरच वाचला जातो. म्हणून पत्रात कोणता बदल तपासला, किती पिल्लांवर, चाचणी घेणाऱ्याला जनुकस्थिती माहीत होती की नव्हती, ‘जीएनएटी२’च्या पिल्लांनी त्याच दिवशी काय दाखवले, आणि निरोगी प्रतीने दृष्टी किती सुधारली, हे सर्व आकड्यांसह लिहावे. रुग्णाच्या घरच्यांना निष्कर्ष सांगण्याचे काम जनुकीय समुपदेशकाने किंवा उपचार करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाने करावे, प्रयोगशाळेने परस्पर करू नये. मात्र ते सांगताना काही विचारायचे झाल्यास प्रयोग करणारा संशोधक फोनवर उपलब्ध असावा, एवढी जबाबदारी प्रयोगशाळेने घ्यावी. वाणाचे शुक्रजंतू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवावेत, म्हणजे त्याच जनुकातील दुसरा बदल घेऊन पुढचा रुग्ण आला, तर काम पहिल्यापासून सुरू करावे लागणार नाही.